टेड चियांग: कमी लिहिण्याचा हिशोब

"तीस-पस्तीस वर्षांत जेमतेम दीड डझन कथा, यावर पोट भरतं का?" असं अमेरिकन विज्ञानकथालेखक टेड चियांगबद्दल विचारलं जातं. नाही भरत, आणि त्याने कथांवर तो भार टाकलाच नाही. कॉम्प्युटर सायन्सची पदवी, १९८९ मध्ये क्लॅरियन ही विज्ञानकथा-लेखकांची कार्यशाळा, मग सिअ‍ॅटलच्या आसपास सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी तांत्रिक लेखन. कथा फावल्या वेळात.

तरी पहिल्याच छापील कथेला, 'टॉवर ऑफ बॅबिलॉन'ला (१९९०), नेब्युला हा विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार. तिच्यात गाड्यावर चढवलेली वीट मनोऱ्याच्या टोकाला पोचायला चार महिने लागतात! बायबलमधल्या, आभाळाला भिडणाऱ्या बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेला असं बांधकामाचं वेळापत्रक लावणं, हीच त्याची खरी करामत. आजवर नेब्युला आणि तितकाच मानाचा ह्यूगो, एकूण प्रत्येकी चार.

'कथा' म्हणताना एक घोळ होतो. या पुरस्कारांत ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट आणि ४०,००० पर्यंत नॉव्हेला. 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' (१९९८) ही नॉव्हेला, 'अरायव्हल' (२०१६) हा सिनेमा तिच्यावरूनच. म्हणजे दीड डझनाचा आकडा दिसतो तेवढा किरकोळ नाही.

वेग कमी का? तो सहसा शेवट आधी लिहितो. शेवट ठाऊक नसेल तर कथा सुरूच होत नाही. आणि घाई त्याला सोसत नाही. 'लाइकिंग व्हॉट यू सी' या कथेचं ह्यूगो नामांकन त्याने नाकारलं, कारण संपादकीय दबावामुळे कथा मनासारखी उतरली नाही असं त्याला वाटत होतं. नोकरीचा पगार चालू असला की असा नकार जरा सोपा जातो, हेही खरंच.