उ. टोस्टवर चित्र: मशीन कशाला?

वर कुणीतरी म्हटलंय की ब्रेडवर चित्र भाजायचं तर लेझर मशीनच पाहिजे, मला नाही पटलं. परवा मिसळीबरोबर आणलेल्या स्लाइस उरल्या होत्या, तर अर्धी वाटी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून पोराच्या रंगाच्या ब्रशनं एकीवर कोल्हापुरी चप्पल काढली (अंगठा जरा वाकडाच आला), पंख्याखाली सुकवली आणि ग्रिलखाली ठेवली, तर बाकी ब्रेड नुसता पिवळसर असतानाच रेघा मस्त तांबूस उठल्या की! सोडा अल्कली, त्यामुळं ब्रेडमधली साखर आणि प्रोटीन तेवढ्या जागी लवकर करपतात. फक्त सोडा जास्त नको, पहिली स्लाइस साबणासारखी लागली, कटात बुडवूनसुद्धा खाववेना.