दिल्लीला बदली: द्वारका की पटपडगंज? भाड्याने फ्लॅट कुठे बघू?

मिरजकर_सूनबाई
नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली दिल्लीला झालीये, ऑफिस केंद्रीय सचिवालयाजवळ, आणि क्वार्टरची वेटिंग लिस्ट एवढी लांब आहे की सध्या भाड्यानेच राहावं लागणार. मुलगी चौथीत आहे, सासूबाई सोबत येतायत, त्यांचे गुडघे दुखतात. बजेटमध्ये टू बीएचके दोनच ठिकाणी दिसतायत, द्वारका नाहीतर पटपडगंजचं आय पी एक्स्टेंशन. फोटोत तर सगळ्या बिल्डिंगी सारख्याच, एकीचा फोटो दुसरीला लावला तरी कळणार नाही. कोणी राहिलंय का? पाण्याचं काय? आणि मुंबईसारखं भरमसाट डिपॉझिट मागतात का?

यमुनापार
आम्ही आय पी एक्स्टेंशनवाले, त्यामुळे बाजू घेणारच. इथे बऱ्याचशा कोऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायट्या आहेत, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, एका भिंतीला दुसरीची भिंत. गेटबाहेर पडलं की भाजी, केमिस्ट, टेलर, गिरणी सगळं पायी, गाडी काढायलाच नको. मेट्रो पिंक लाइनची, २०१८ पासून स्टेशन आहे, आणि २०२१ मध्ये त्रिलोकपुरीजवळचा राहिलेला तुकडा जोडल्यावर मयूर विहारला सरळ जाता येतं. तिथून ब्लू लाइनने मंडी हाउस, मग व्हायलेटने केंद्रीय सचिवालय. दोनदा बदलावी लागते, खोटं कशाला बोलू.

पण तुम्ही मिरजेच्या ना, मग गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनहून सुटते आणि ते स्टेशन आम्हाला नदी ओलांडली की आलंच. सामानसुमान घेऊन द्वारकेहून निजामुद्दीन गाठून बघा एकदा. अजून एक, मयूर विहार फेज वनला गुरुवायूरप्पन मंदिर आहे, तिकडे मल्याळी वस्ती भरपूर, त्यामुळे नारळ, कढीपत्ता, खोबरेल यासाठी दिल्लीभर हिंडावं लागत नाही. आणि मासे खात असाल तर गाझीपूरची मंडी, सकाळी लवकर जायचं, जुने बूट घालून.

सेक्टर_दहा
यमुनापार साहेबांनी गाझीपूरची मंडी सांगितली, तिथला कचऱ्याचा डोंगर बरा गाळला :) वारा फिरला की वास घरात. शिवाय आनंद विहार शेजारी, हिवाळ्यात हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यात ते नाव पहिल्या काहींत असतंच. द्वारकेची हवा काही महाबळेश्वरची नाही, पण निदान रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, मुलीला सायकल चालवायला जागा आहे.

ऑफिसचं म्हणाल तर ब्लू लाइन सेक्टर २१ वरून सुटते, म्हणजे आमच्याकडे सकाळीसुद्धा बसायला मिळण्याची शक्यता असते. राजीव चौकला यलो लाइन पकडायची, दुसरं स्टेशन केंद्रीय सचिवालय. वेळ तासाच्या आसपास धरा, पण बसून.

पाण्यासाठी द्वारका बदनाम होती ते खरंय, टँकरवरच चालायचं. २०१५ मध्ये हरियाणातून येणाऱ्या मुनक कालव्याचं पाणी आल्यावर बरंच सुधारलं. आणि विमानं डोक्यावरून जातात, पहिला महिना प्रत्येक वेळी वर बघाल, नंतर फोनवर बोलता बोलता आपोआप थांबायला शिकाल. मुलीसाठी केंद्रीय विद्यालय इथे आहे, बदलीवाल्यांना ते सोयीचं.

खारट_नळ
दोघंही एरियावरून भांडतायत पण ताई, बघायची ती सोसायटी. मी दोन्हीकडे राहिलोय. एका सोसायटीत दिवसभर पाणी आणि भिंतीपलीकडच्या सोसायटीत सकाळी एक तास मोटर, असं सर्रास असतं. घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा दोन्ही नळ सोडा आणि पाणी जिभेला लावून बघा. पुष्कळ ठिकाणी जल बोर्डाचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून टाकीत चढवतात. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, बादलीच्या काठाला पांढरी रेघ, गीझरचा आवाज, एवढं दिसलं की समजायचं, पाणी खारं आहे. एजंट म्हणेल आरओ लावून घ्या. आरओने प्यायचं पाणी सुटतं हो, केसांचं काय?

सासूबाई आहेत म्हणून सांगतो, डीडीएचे (दिल्ली विकास प्राधिकरणाचे) जुने चार मजली फ्लॅट स्वस्त दिसतील पण त्यांना बहुतेक लिफ्ट नसते. लिफ्ट असली तरी जनरेटरवर चालते का विचारा, जूनमध्ये लाइट गेली की कळतं. टॉप फ्लोअर नको, रात्री बारालासुद्धा भिंत गरम लागते. तळमजलाही बघून घ्या, समोरासमोर बिल्डिंग असली तर जानेवारीत ऊन येतच नाही, मग सगळ्या आज्या खुर्च्या घेऊन पार्कात.

डिपॉझिट मुंबईसारखं नाही, एक-दोन महिन्यांचं भाडं. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, पोलिस व्हेरिफिकेशन टाळू नका. मेंटेनन्स भाड्यात धरलंय की वेगळं, ते लिहून घ्या.

मिरजकर_सूनबाई
बापरे, किती आभार मानू! हवेचं वाचून पोटात गोळा आला, सासूबाईंना दमा नाही पण खोकला असतो, म्हणून आधी द्वारकाच बघतो, लिफ्टवाल्याच सोसायट्या. सामानाचा ट्रक दुपारी पोचेल असं मूव्हर्सवाले म्हणतायत, चालेल ना?

यमुनापार
गेलात ना पलीकडे, बरं बरं. ट्रकचं मात्र आधी विचारा, मोठ्या गाड्यांना दिल्लीत दिवसा नो एंट्री असते, म्हणजे तो बॉर्डरवर रात्रीपर्यंत उभा राहील. सोसायटीवाले परत रात्री सामान चढवू देत नाहीत. गादी, कुकर आणि सासूबाईंची औषधं तुमच्या बॅगेत ठेवा.