दोरीला टांगलेली रॉकेटं

जुना_ट्रान्झिस्टर

परवा अणुरेणू यांनी लिहिलं की, 'माणूस चंद्रावर जाण्याआधीच्या अवकाशकथा म्हणजे दोरीला टांगलेली पत्र्याची रॉकेटं आणि मागे उदबत्तीचा धूर. सिनेमा असो की रेडिओ, विज्ञान शून्य. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी तासभर बसून दाखवावं.' तीन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

दोरी दिसते, मान्य. पण दोरीच्या टोकाला काय टांगलंय ते तरी बघा. १९२९ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगने 'फ्राउ इम मोंड' काढला तेव्हा सल्लागार म्हणून रॉकेटशास्त्रज्ञ हेर्मान ओबेर्टला बसवलं होतं. टप्प्याटप्प्याने गळून पडणारं रॉकेट, ते उभंच्या उभं शेडमधून बाहेर येतं, प्रवासी आडवे झोपलेले, पाय अडकवायला पट्टे, आणि उलटी मोजणी. चंद्रावर माणूस उतरायला अजून ४० वर्षं होती. पुढे नाझी पोलिसांनी हा सिनेमा आणि त्यातली मॉडेलं उचलून नेली, कारण त्यांच्या खऱ्या, गुप्त रॉकेटांशी ती फार जुळत होती. उदबत्तीच्या धुरासाठी कुणी पोलीस पाठवत नाही.

नंतर १९५० चा 'डेस्टिनेशन मून'. निर्माता जॉर्ज पाल, पटकथेत विज्ञानकथालेखक हाइनलाइन, चंद्राचे देखावे चेस्ली बोनस्टेलच्या कुंचल्यातले. उतरताना इंधन जास्त जळतं आणि परतीसाठी यान जड ठरतं. खलनायक नाही, राक्षस नाही, नुसता वजनकाटा. उपकरणं फेका, रेडिओ फेका, शेवटी स्पेससूटसुद्धा फेका.

आणि रेडिओबद्दल तर बोलूच नका. बीबीसीचं 'जर्नी इनटू स्पेस', १९५३ पासूनचं, लेखक चार्ल्स चिल्टन. मी ते ऐकलं २००९ मध्ये, बायपासनंतर घरी टीव्हीबंदी झाली म्हणून. सांगलीत रात्रीचे पावणेबारा, कानात इअरफोन, बाहेर पावसाची झड. मंगळाकडे निघालेल्या ताफ्यात व्हिटेकर नावाचा एक माणूस आहे. सपाट, एका सुरात बोलतो. हुकूम पाळलाच पाहिजे, एवढंच पालुपद. मी उठून दिवा लावला. ५८ वर्षांचा बाप्या. आता कोणत्या दोरीने मला घाबरवलं, ते अणुरेणूंनीच सांगावं.

अणुरेणू

माझ्या नावाने धागा! धन्य झालो.

पण काका, 'फ्राउ इम मोंड'चा उत्तरार्ध का गिळलात? चंद्राच्या पलीकडल्या बाजूला हवा आहे म्हणे. प्रोफेसरसाहेब शिरस्त्राण काढून टाकतात आणि हातात काटकी धरून फिरतात. चक्क पाणाड्या! आमच्या गावचा पाणाड्या निदान पृथ्वीवर तरी फिरतो. ओबेर्ट तेव्हा चहाला गेले होते का?

'डेस्टिनेशन मून'मधली चंद्राची जमीन मे महिन्यातल्या तळ्यासारखी भेगाळलेली आहे. भेगांना आधी चिखल लागतो, चिखलाला पाणी. खुद्द बोनस्टेल त्यावर नाखूश होता. आणि रॉकेट कसं उडतं हे समजवायला वुडी वुडपेकर. कार्टून!

रेडिओचं काय, तिथे यान दिसतच नाही, म्हणून चुका दिसत नाहीत. झाकली मूठ.

काना_मात्रा

मूळ विषयाला हात न लावता एक विनंती. 'अवकाश' म्हणजे मोकळीक, सवड. 'अवकाशाने या' म्हणतो ना आपण? हिंदीत तर सरळ सुट्टी. आपल्याला अभिप्रेत शब्द 'अंतराळ' आहे. वर्तमानपत्रांनी घोळ घातला, तो निदान इथे तरी नको.

एक_टवाळ

देवळात गाभारा आणि मंडप यांच्यामध्ये असतं ते पण अंतराळच. तिथे यान कसं घुसवणार?

भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

जुना_ट्रान्झिस्टर

अणुरेणू, पाणाड्या मान्य. तो मला पण झेपत नाही. पण अर्ध्या सिनेमात बावळटपणा आहे म्हणून उरलेला अर्धाही शून्य, हे कुठलं गणित?

आणि झाकली मूठ वगैरे नाही. रेडिओवाल्याचं काम सिनेमावाल्यापेक्षा अवघड असतं. अंतराळातली शांतता दाखवायला सिनेमावाला आवाज बंद करू शकतो. रेडिओवर आवाज बंद केला की लोकांना वाटतं स्टेशन गेलं. म्हणून 'जर्नी'त यानावरच्या डॉक मॅथ्यूजची रोजनिशी आहे, आणि त्याचा सोबती लेमीची बडबड आहे. तो बडबडायचा थांबला की कळतं काहीतरी बिनसलंय. ही अक्कल तुमच्या आजच्या ढॅणढॅण सिनेमांना नाही. तुमच्या वयात कानाने बघायची सवयच नाही, त्याला कोण काय करणार.

अणुरेणू

वय काढायचं काम नाही. तुम्ही १५ वर्षांपूर्वी इअरफोन लावून ऐकलंत, १९५३ मध्ये लंडनला नव्हता. तुमचा पण नॉस्टॅल्जिया उसनाच आहे.

स्वातीनक्षत्र

भांडणं नंतर करा. वजनकाट्याचं कौतुक चाललंय म्हणून एक आठवलं. 'डेस्टिनेशन मून'च्या महिनाभर आधी, त्याच्याच जाहिरातबाजीचा फायदा उठवत, एक स्वस्तातला सिनेमा थिएटरात घुसला. 'रॉकेटशिप एक्स-एम'. यान निघतं चंद्राला आणि पोचतं मंगळावर. हसून घ्या, मी थांबते.

त्यात लिसा नावाची रसायनशास्त्रज्ञ आहे. इंधनाच्या मिश्रणाचं गणित ती आणि तिचा प्रमुख वेगवेगळं करतात. उत्तरं जुळत नाहीत. तो म्हणतो, माझंच धरायचं. ती माफी मागते, तर तो विचारतो, कशाबद्दल, घटकाभर बाई झाल्याबद्दल? मग यान भरकटतं. परतताना उतरण्यापुरतं इंधन उरत नाही आणि सगळे मरतात.

सगळे त्या यानाच्या धुराबद्दल बोलतात. मला टेबलावरचे ते दोन कागद दिसतात. २००६ मध्ये मी एका कारखान्यात प्रोसेसला होते. थंड पाण्याच्या पंपाचं माझं गणित सांगत होतं, उन्हाळ्यात हा पंप पुरणार नाही. साहेबांचं उत्तर, 'मॅडम, तुमचे आकडे नेहमी घाबरट असतात.' मे महिन्यात रिअॅक्टर तापत गेला, अख्खी बॅच फेकावी लागली. कुणी भाजलं नाही हे नशीब. तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

त्यामुळे विज्ञान शून्य असलं तरी त्या सिनेमात ऑफिस खरं आहे.

जुना_ट्रान्झिस्टर

क्या बात है स्वातीताई. मग तुम्हाला 'द कोल्ड इक्वेशन्स' ऐकवायलाच हवं. टॉम गॉडविनची १९५४ ची कथा, पुढच्याच वर्षी एनबीसी रेडिओच्या 'एक्स मायनस वन' या मालिकेत आली. एक छोटं यान सहा आजारी माणसांसाठी औषध घेऊन निघालंय. इंधन अगदी मोजून भरलेलं. आत एक पोरगी लपलेली सापडते, १८ वर्षांची, भावाला भेटायला निघालेली. तिचं वजन धरलं तर यान उतरणार नाही, औषध पोचणार नाही. वैमानिकाला तिला बाहेर सोडावंच लागतं. कुणी वाईट नाही. नुसतं समीकरण. हे सिनेमाला जमणार नाही. तिथे मध्येच कुणीतरी नायक येतो.

अणुरेणू

हीच ती गोष्ट! हिच्यावरच माझा सगळ्यात जास्त राग आहे.

दार उघडं होतं. कुलूप नाही, पहारा नाही, फक्त 'आत येऊ नये'ची पाटी. उड्डाणाआधी वजन तपासलं नाही. राखीव इंधन शून्य. आणि पोरीला सोडण्याआधी कपाटाचं दार, खुर्ची, वैमानिकाचं पिस्तूल, यातलं काही फेकायचं कुणाला सुचत नाही! 'डेस्टिनेशन मून'वाल्यांनी चार वर्षं आधी स्पेससूट फेकून दाखवला होता.

आणि संपादक कॅम्पबेलने ही कथा पुन्हा पुन्हा परत पाठवली होती, कारण गॉडविन दर वेळी पोरीला वाचवायची काहीतरी युक्ती काढायचा. म्हणजे पोरगी भौतिकशास्त्राने मेलेली नाही. संपादकाने मारली.

खऱ्या यानात असं करत नाहीत. अपोलो ११ उतरलं तेव्हा उतरायचं इंधन मिनिटभराचंही उरलं नव्हतं, पण परत वर उडायचा टप्पा वेगळा, तयार होता. याला अभियांत्रिकी म्हणतात.

जुना_ट्रान्झिस्टर

अहो, ती गोष्ट आहे, टेंडर नाही. शकुंतलेची अंगठी माशाने गिळली तर तुम्ही माशाचा पाचनकाल विचारणार.

अणुरेणू

हो. कारण कालिदास 'निसर्गाचे नियम निष्ठुर असतात' म्हणून भाव खात नाही. तुमची गोष्ट खाते.

स्वातीनक्षत्र

मी इथे अणुरेणूच्या बाजूने. पंप लहान घेणारा पण म्हणालाच होता, 'पाणीच गरम, आम्ही काय करणार?'

काना_मात्रा

'निष्ठुर' बरोबर लिहिलंत. बरं वाटलं.

दर्यावर्दी

इथे मी सहसा वाचून जातो. रेडिओ-सिनेमातलं कळत नाही. लपून येणाऱ्यांबद्दल थोडं कळतं.

१९९४. मी थर्ड इंजिनिअर, बोट रिकामी, पश्चिम आफ्रिकेतलं एक बंदर. निघायच्या आधी सगळी बोट तपासायची असते, लपलेली माणसं शोधायला. प्रत्येकाला आपापला भाग, आणि शेवटी कागदावर सही. माझ्याकडे मागचा भाग, त्यात रडर ट्रंक. म्हणजे सुकाणूच्या वरची पोकळी. बोट रिकामी असली की ती पाण्याच्या वर येते आणि माणूस बाहेरून चढून आत बसू शकतो. आतून बघायचं तर मॅनहोलचे १६ नट काढावे लागतात. मी ३० तास झोपलो नव्हतो. सही केली.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला आमच्या ऑइलरला खालून ठकठक ऐकू आली. त्याला वाटलं बेअरिंग गेलं. मी खाली गेलो, पत्र्याला कान लावला. बेअरिंग असं थांबून थांबून वाजत नाही.

दोन पोरं निघाली. धाकटा १५-१६ चा असेल. खाऱ्या पाण्याने अंगाची सालटं निघालेली, पाय सुजून टम्म. आमचा कुक मालवणचा, त्याने पहिल्यांदा फक्त पेज दिली, तीही चमच्याने. ऑफिसला कळवलं तर पहिला प्रश्न आला, वळसा घेऊन उतरवायचं तर रोजचा खर्च किती? दोन बंदरांनी घ्यायला नकार दिला. २३ दिवस पोरं आमच्याकडे होती. शेवटी तिसऱ्या बंदरात उतरवली.

आधीच दोन वर्षांपूर्वी 'एमसी रुबी'चं प्रकरण झालं होतं. त्या बोटीवर नऊ जण लपले होते. एक वाचला, बाकीच्यांना मारून समुद्रात टाकलं. फ्रान्समध्ये खटला चालला, जन्मठेपा झाल्या. कारण काय, तर बंदरात दंड बसेल ही भीती. इंधन भरपूर होतं, अन्न भरपूर होतं. समीकरण वगैरे काही नव्हतं.

त्या गोष्टीतल्या वैमानिकाचं मला काही वाटत नाही. त्याला बिचाऱ्याला जे दिलं त्यात त्याने भागवलं. पण ज्याने निघायच्या आधी कपाट न उघडता सही केली, तो त्या श्रुतिकेत कुठेच नाही का हो?

एक_टवाळ

भडंग बाजूला ठेवलं.

स्वातीनक्षत्र

दर्यावर्दी, धन्यवाद. काय बोलावं कळत नाहीये.

आणि मघाशी कुणी म्हणालं नाही म्हणून सांगते. 'फ्राउ इम मोंड'मध्येही एक पोरगा लपून येतो. गुस्ताव. सोबत रॉकेटच्या गोष्टींची मासिकं घेऊन. १९२९ मध्ये त्याला कुणी बाहेर फेकत नाही. ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा मोठे आपापसात काड्या ओढतात, पोराची काडी त्यात नसते. पाणाड्या असला तरी त्या यानावर निदान माणसं होती.

जुना_ट्रान्झिस्टर

दर्यावर्दी, सही करणारा त्या श्रुतिकेत नाही. मी चार-पाच वेळा ऐकली, मला कधी शंकाच आली नाही. आता पुन्हा ऐकेन तेव्हा येईल, त्याबद्दल आभार मानू की तक्रार करू?

अणुरेणू, पाटी आणि कुलपाचा मुद्दा तुमचा. लिहून दिला. पण हा सगळा वाद एका पाऊण शतक जुन्या रेडिओ कार्यक्रमावरून झाला, 'विज्ञान शून्य' वाल्या, हेही लिहून ठेवा.

अणुरेणू

शून्यावरूनच वाद जास्त होतात, काका.

काल एक्स्प्रेसवेवर घाटात दीड तास अडकलो होतो. लावलं 'कोल्ड इक्वेशन्स'. सुरुवातीला हसत होतो, मनात यादी करत होतो काय काय फेकता आलं असतं. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आवाज बंद केला. पुढच्या ट्रकचे ब्रेक लाइट बघत बसलो.

विज्ञान शून्यच आहे. यावर मी ठाम.

काना_मात्रा

'स्टोअवे'ला मराठीत चांगला शब्द नाही. 'चोरप्रवासी' कृत्रिम वाटतो. दर्यावर्दी, तुमच्यात काय म्हणतात?

दर्यावर्दी

कागदावर स्टोअवेच लिहायचो. आमचा कुक 'पाहुणे' म्हणायचा. 'पाहुण्यांची पेज झाली का?'