मदत हवी आहे : तेलंगण सशस्त्र लढ्याच्या दालनाची अंतर्गत मांडणी

संग्रहालयातलं दालन १८ × ७ मीटर, ये-जा एकाच दारातून, पश्चिमेला चार खिडक्या. वस्तू: गोफणी, घोंगडी, उर्दू-तेलुगू पत्रकं, शिशाच्या गोळ्या. वेठबिगारीपासून १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे निजामाच्या शरणागतीपर्यंतची मांडणी आखली आहे. भिंती लाल, पेट्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड). काही चुकतंय का?

प्रतिसाद १
शेवट चुकतोय. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, म्हणून ती तारीख शेवटाची वाटते. पण तेलंगणात लढा ऑक्टोबर १९५१ पर्यंत चालला, तोही भारतीय सैन्याविरुद्ध. ही तीन वर्षं गाळली तर लढा फक्त निजामाशी होता, असा समज होईल.

एकच दार आहे, त्याचाच फायदा घ्या. मधोमध १५ मीटर लांब, ३० सेंटीमीटर जाड भिंत घाला. टोकाला वळायला ३ मीटर उरतात. जाताना विसनूरच्या जमीनदार देशमुखाची सत्ता, त्याच्याविरुद्ध पालकुर्तीच्या ऐलम्मांनी राखलेली जमीन, ४ जुलै १९४६ला कडवेंडीत लढ्यातले कार्यकर्ते दोड्डी कोमरय्यांचा मृत्यू. वळणावर पोलीस कारवाई, म्हणजे सप्टेंबर १९४८ची भारतीय सैन्याची मोहीम. परतताना १९४९ची जहागीर-समाप्ती, १८ एप्रिल १९५१चं पोचमपल्ली (विनोबांच्या भूदानाची सुरुवात), लढ्याची माघार, आणि १९५२च्या निवडणुकीत नलगोंड्यातून कम्युनिस्ट नेते रावी नारायण रेड्डींचा विजय. मृतांचे आकडे देताना ते कोणाचे, कम्युनिस्ट पक्षाचे की सरकारचे, हे त्याच ओळीत लिहा.

प्रतिसाद २
एमडीएफ आधी काढा. त्यातून आम्ल वाफा सुटतात, बंद पेटीत शिशावर पांढरी भुकटी धरते आणि गोळी झिजत जाते. पावडर कोटिंगचं पोलाद आणि लॅमिनेटेड काच घ्या. ओलाव्यासाठी साधी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) पेटीच्या घनमीटरला २० किलो, आधी ५० टक्के आर्द्रतेला मुरवलेली. कोरडी टाकलीत तर कागद तडकेल.

लाल भिंतींचा रंग परावर्तित होऊन जुन्या कागदावर पडतो, शाई वाचता येत नाही. मातकट राखाडी घ्या. खिडक्यांना नुसती फिल्म पुरत नाही, ऊन तापवतंच. आतून बोर्ड लावून बंद करा. पत्रकांवर आणि घोंगडीवर ५० लक्सच्या (प्रकाशाचं माप) वर जाऊ नका, मूळ पत्रक तीन महिन्यांनी बदलून प्रत ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता
उर्दू मजकूर मराठीच्या शेजारी ठेवला तर?

प्रतिसाद १
उर्दू उजवीकडून वाचतात. एकाच रांगेत ठेवलं तर दोन्ही वाचक मधोमध एकमेकांना अडवतात. खाली-वर ठेवा, फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरवर. नस्तालीकला, म्हणजे उर्दूच्या तिरक्या लिपीशैलीला, ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते; ती मराठीच्या मापाने बसवली की नुक्ते (अक्षरांचे ठिपके) वरच्या ओळीत घुसतात. छपाईआधी खऱ्या आकाराचा एक फलक कागदावर काढून उर्दू वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.