फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय रात्रीचे फोटो: सेटिंग काय ठेवू?

निशाचर:
एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, सोबत मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (ए मोड: लेन्सचं भोक मी ठरवतो, शटर कॅमेरा) ५५ मिमीला एफ/५.६ मिळतं (आकडा लहान तितकं भोक मोठं). नॉइजच्या (दाणेदारपणाच्या) धास्तीने आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ला अडवलाय, त्यामुळे शटर १/८ सेकंदापर्यंत उतरतं. स्टॅबिलायझेशन चालू आहे. इमारती बऱ्या येतात, माणसं मात्र पुसट. काय बदलू?

कंदील:
इमारती बऱ्या येतायत म्हणजे दोष हाताचा नाही. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, चालता माणूस ते थांबवू शकत नाही. चालणाऱ्यांना निदान १/१२५ हवं, उभं राहून बोलणाऱ्यांना १/६० पुरतं.

आधी झूम १८ वर आणा. तिथे एफ/३.५ मिळतं, म्हणजे अडीच पट प्रकाश. तुमच्याच उजेडात १/३० ला आयएसओ २५०० च्या आसपास येईल, १/१२५ ला दहा हजाराच्या घरात. हे दुसरं किट लेन्सला जडच आहे. एफ/१.८ ची ३५ मिमी लेन्स असेल तर १/१२५ सुद्धा २५०० मध्ये बसतं. फक्त दोन मीटरवरच्या माणसाचा पुढून मागे जेमतेम वीतभर भाग शार्प राहतो, तेव्हा फोकस डोळ्यावरच हवा.

मोड एम (मॅन्युअल), शटर आणि अ‍ॅपर्चर ठरलेलं, आयएसओ ऑटो, कमाल ६४००.

तिसरा डोळा:
एम कशाला? ऑटो आयएसओमध्ये किमान शटर १/१२५ लावा आणि ए मोडवरच राहा. उजेडात आलात की शटर आपोआप वाढतं. काही जुन्या कॅमेऱ्यांत एम आणि ऑटो आयएसओ असताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) चालत नाही, आणि रात्री ते लागतंच: काळं आकाश बघून कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फोटो उजळवतो आणि दिवे पांढरेफटक होतात. -०.७ पासून सुरुवात करा.

पण त्याहून खाली नको. १६०० ला अंधारा फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळवलात तर नॉइज ६४०० इतकाच, बऱ्याच सेन्सरवर जास्तच दिसतो. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) नंतर बघता येतो.

निशाचर:
फोकस मागेपुढे शोधत बसतो, त्याचं काय? आणि काही फोटोंत आडवे काळे पट्टे आलेत.

कंदील:
पट्टे एलईडी दिव्यांचे. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/१०० किंवा १/५० ला त्रास सर्वांत कमी.

फोकसला एकच मधला पॉइंट घ्या आणि तो कॉलर, चष्म्याची कड, पाटीवरचं अक्षर अशा उजेड-अंधाराच्या सीमेवर ठेवा. सपाट काळ्या कपड्यावर तो हमखास भटकतो. एएफ असिस्टचा (ऑटोफोकसला मदत करणारा) दिवा बंद, नाहीतर समोरचा दचकून बघतो.

तिसरा डोळा:
बर्स्टवर (बटण दाबून धरून सलग) तीन-चार फ्रेम घ्या. पहिलीला बोट दाबल्याचा धक्का बसतो, मधल्या बहुतेक शार्प निघतात.