४६ मुलं आणि एक इंटरॅक्टिव्ह पॅनेल: सगळ्यांचा सहभाग कसा मिळवायचा?

चोपडा_सातवी
जि.प. शाळा, सातवी, पट ४६. लोकवर्गणीतून ६५ इंची पॅनेल (बोटाने चालणारा मोठा पडदा) बसलंय. व्हिडिओ लावला की वर्ग गप्प बसतो, पण पॅनेलवर लिहायला तीच दोन-तीन मुलं उठतात. मुलांकडे मोबाइल नाहीत, म्हणजे काहूट किंवा मेंटीमीटर अशी मुलांच्या मोबाइलवर उत्तरं घेणारी ॲप्स नकोत. इंटरनेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटचं. दुपारी वीज जाते. शिवाय बोट न लावताच पॅनेलवर रेघा उमटतात. गणित-विज्ञानाचे तास कसे घ्यावेत?

गणित_अमळनेर
सर, पॅनेलवर एका वेळी एकच मूल येणार. म्हणून ४६ जणांचं उत्तर एकदम दिसेल अशी सोय आधी करा. तुमच्या वर्गाला प्लिकर्स हे ॲप चालेल. त्यात मुलांच्या हातात कागदी कार्ड असतं आणि मोबाइल फक्त शिक्षकाचा लागतो.

४० कार्डांचा संच तुम्हाला पुरणार नाही, ६३ चा उतरवून घ्या. जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला काळी आकृती वाचता येत नाही. कार्डाचा क्रमांक हजेरीच्या क्रमांकाशी जुळवा. कार्डाच्या चार कडांवर ए, बी, सी, डी असतं; उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. प्रत्येकाची आकृती वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. एखाद्याचं उत्तर येतच नसेल तर बहुतेक वेळा अंगठा काळ्या भागावर आलेला असतो.

पॅनेलच्या ब्राउझरमध्ये आणि फोनच्या ॲपवर एकाच खात्याने लॉगिन करा. प्रश्न आदल्या दिवशीच भरून ठेवा. वर्गावरून फोन सावकाश फिरवा, कोणाचं उत्तर आलं ते पॅनेलवर दिसतं. सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत आलेख उघडू नका.

खरी मेहनत प्रश्नावर घ्यायची. चुकीचा पर्याय कसाही लिहून चालत नाही, मुलं खरोखर करतात ती चूक त्यात हवी. उदा. ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? ए) ०.३५ बी) ०.५ सी) दोन्ही समान. ३५ हे ५ पेक्षा मोठे असं धरणारी मुलं ए कडे जातात, आणि ती कोण हे तुम्हाला नावानिशी कळतं.

पुढे काय करायचं, त्यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत घ्या. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर पुन्हा शिकवा. ७० च्या वर गेली तर थोडक्यात खुलासा करून पुढे चला. मधे अडकली तर उत्तर न सांगता दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी चर्चा करू द्या आणि पुन्हा कार्डं वर घ्या. तासात असे दोन-तीनच प्रश्न ठेवा, जास्त घेतले की चर्चा मरते.

विज्ञान_शहादा
चर्चा घरच्या बोलीत होऊ द्या, हे फार महत्त्वाचं आहे. "तुले काय वाटस? काबरं?" असं अहिराणीत विचारलं की गप्प बसणारं मूलही कारण सांगू लागतं. आमच्याकडे भिली, पावरी बोलणारी मुलं आहेत, त्यांनाही हेच लागू. प्रमाण मराठीतली मांडणी दुसऱ्या फेरीनंतर करून घ्या.

व्हिडिओही आधी लावू नका. "माठातलं पाणी गार का होतं?" यावर आधी उत्तरं घ्या. मग बाष्पीभवनाची दोन मिनिटांची क्लिप, आणि तीही मधे थांबवून "आता पुढे काय होईल?" विचारत. आपण दिलेलं उत्तर बरोबर निघतं का, म्हणून मुलं टक लावून बघतात.

फेट (PhET) या संकेतस्थळाची बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत. उतरवून ठेवली की नेटशिवाय चालतात, पण आधी तुमच्याच पॅनेलवर उघडून बघा. पेन ड्राइव्हवरची फाइल पॅनेलच्या अँड्रॉइडवर कधीकधी उघडत नाही, तेव्हा लॅपटॉप जोडावा.

तंत्र_भुसावळ
रेघांचं कारण बहुधा धूळ. बहुतेक मोठ्या पॅनेलच्या चौकटीत अवरक्त किरणांची जाळी असते. किरण कुठे अडला की पॅनेलला तिथे बोट लागल्यासारखं वाटतं. आपल्याकडची उन्हाळी धूळ, शेजारच्या फळ्याची खडूची भुकटी, कोळ्याचं जाळं, काहीही पुरतं. पॅनेल बंद करून चौकटीच्या आतल्या चारही कडांवरून कोरडा मऊ ब्रश फिरवा, काचेवर थेट फवारा मारू नका. चौकटीवर थेट ऊन पडत असेल तर पडदा लावा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर रेघा थांबल्या तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. टचची यूएसबी केबल ५ मीटरच्या आत ठेवा, ती लांब असली तर चित्र दिसतं पण बोटाचा स्पर्श ओळखला जात नाही.

वीज: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास होते. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी जाते, म्हणून १००० च धरा. पॅनेल २०० वॅट घेत असेल तर पाच तास मिळतील. त्यावरच ७५ वॅटचे दोन पंखे लावले तर तीन तासही नाहीत. आपल्या पॅनेलचा आकडा मागच्या पाटीवर बघा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी वीज देणारा) घ्या.

चोपडा_सातवी
आणि नेटच गेलं तर?

गणित_अमळनेर
ए-फोर कागद दुमडून चार भाग करा, प्रत्येकावर एक अक्षर, प्रत्येकाला वेगळा रंग. हवं ते अक्षर बाहेर येईल असं दुमडून, तुम्ही "दाखवा" म्हणाल तेव्हा सगळ्यांनी एकदम छातीशी धरायचं. डोक्यावर धरलं की मागची मुलं पुढच्यांचं बघतात. रंगांवरून अंदाज लगेच येतो आणि ३०-७० च्या हिशोबाला तेवढा पुरतो. कोण चुकलं याची नोंद मात्र आपोआप होत नाही, म्हणून चुकलेल्यांचे हजेरी क्रमांक वहीत टिपून ठेवा.