"चष्मा घरी राहिला": अक्षरवर्गाचे आणि शिकवणीचे अनुभव

८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. १९६५ साली याच तारखेला तेहरानमध्ये निरक्षरता दूर करण्यासाठी देशोदेशीच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद सुरू झाली होती. पुढच्या वर्षी युनेस्कोने ती तारीख साक्षरता दिनासाठी ठरवली आणि १९६७ पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने हा धागा काढतेय.

मी नऊ वर्षं एका छोट्या सेवाभावी संस्थेत शिकवते. संध्याकाळी शाळेची मुलं अभ्यासाला येतात, ती उठली की त्याच सतरंज्यांवर मोठ्यांचा अक्षरवर्ग बसतो. आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी एकाच दारातून आत येतात. तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी शिकलं असेल, शिकवलं असेल, मुलाला पाठवलं असेल किंवा मधेच सोडून दिलं असेल, तर जरूर लिहा. सोडून दिलेल्यांनी तर नक्कीच लिहा, कारण त्यांचं म्हणणं आमच्यापर्यंत कधी पोचतच नाही.

सुरुवात माझ्यापासून. एक काकू आल्या, वय साठीच्या आसपास. नावनोंदणीचा फॉर्म पुढे केला तर म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला गं." दुसऱ्या दिवशीही चष्मा घरीच. तिसऱ्या दिवशी मी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, तुम्हाला नेमकं काय वाचायचंय?" त्यांनी पिशवीतून औषधाच्या दोन बाटल्या काढल्या. नवऱ्याची औषधं, दिसायला अगदी सारखी, एक सकाळची आणि एक रात्रीची. रात्रीच्या बाटलीच्या गळ्याला त्यांनी लाल दोरा बांधला होता. दोरा सुटला तर काय, या धास्तीने त्यांना दोन वर्षं नीट झोप नव्हती.

आमचा पहिला धडा त्या दोन बाटल्यांचा झाला. आपण अक्षरापासून सुरुवात करतो, पण समोरचा माणूस लाज पाठीवर घेऊन आलेला असतो. ती आधी खाली ठेवता आली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

गोदामात काम करणारा, वय ४७

ताई, हे मीच टाइप करतोय. वेळ लागतो, पण मीच करतोय.

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षरं ओळखत होतो, पण जोडून वाचता येत नव्हतं. आमच्यासारखे बरेच असतात. सही करता येते म्हणून कुणाला संशय येत नाही. फॉर्म भरायची वेळ आली की मी उजव्या हाताला पट्टी बांधून जायचो आणि लागलंय म्हणायचो. बसला हात करायच्या आधी दोघांना विचारायचो, कारण एक जण चुकीचं सांगू शकतो. कामावर मुकादमी दोनदा चालून आली, दोन्ही वेळा "जबाबदारी नको" म्हणून नाही सांगितलं. खरं कारण नोंदवही होतं.

वर्गात गेलो तो बायकोने नेलं म्हणून. तिथल्या सरांनी मला पुस्तक दिलंच नाही. गोदामातल्या आवक-जावक वहीचं एक जुनं पान आणायला सांगितलं. त्या पानावरचे शब्द मला तोंडपाठ होते, फक्त ते कागदावर कसे दिसतात ते माहीत नव्हतं. "नग", "पोती", "वजन", "शिल्लक". पहिल्या महिन्यात एवढंच.

सगळ्यात जास्त रफाराने छळलं. "खर्च", "मार्ग", "वर्ष". रफार दिसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर, पण बोलायचा त्याच्या आधी. मी "खचर" वाचायचो. सरांनी एका वाक्यात सोडवलं: "डोक्यावर बसलेला आधी बोलतो." आजही रफार दिसला की ते वाक्य मनात येतं. ध आणि घ, भ आणि म यांचा घोळ मात्र सहा महिने चालला.

एकूण चौदा महिने गेलो. मधे दोन महिने खाडा झाला, परत गेलो तेव्हा कुणी "कुठे होतास" असं विचारलं नाही. "बरं झालं आलास" म्हणाले. तेवढ्यासाठी टिकलो. आता वही मी लिहितो.

दोन मुलांची आई

मी वर्ग सोडला, म्हणून लिहिते. तुम्ही विचारलंत म्हणून.

मला लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक दिलं होतं. ससा, मासा, पतंग. शिकवणाऱ्या बाई गोड होत्या, पण माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज मुलांशी बोलतात तसा व्हायचा. माझं घर मी चालवते, दोन बाळंतपणं काढली, सासूबाईंचं आजारपण काढलं. पतंगाचं चित्र बघून टाळ्या मिळाल्या तेव्हा मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्यांचा फोनही आला नाही.

धागाकर्ती

तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. आमच्याकडेही असं झालं असणार, आणि आम्हाला ते कळलंही नसणार.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. १९६३ साली आंजिकोस या गावात त्यांच्या गटाने सुमारे ३०० मजुरांना जेमतेम ४० तासांच्या शिकवणीत वाचायला शिकवलं. आधी त्या लोकांत जाऊन त्यांच्या रोजच्या बोलण्यातले वजनदार शब्द गोळा केले आणि धडा त्यातून बांधला. वीट हा त्यातला प्रसिद्ध शब्द, पोर्तुगीजमध्ये तिजोलो. आधी विटेवर गप्पा, कोण रचतं, घर कुणाचं होतं. मग शब्द फोडायचा: ता-ते-ति-तो-तु, जा-जे-जि-जो-जु, ला-ले-लि-लो-लु. आपल्या बाराखडीचंच भावंड. त्या तुकड्यांतून लोक आपले नवे शब्द जुळवायचे. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेइरेंना तुरुंगात टाकलं गेलं. मजूर वाचायला लागले की काय होतं ते सत्तेला चांगलं कळत होतं.

वर गोदामवाल्या दादांच्या सरांनी आवक-जावक वहीचं पान मागवलं, ते हेच.

कॉलेजात शिकणारी, शनिवार-रविवार गणित शिकवते

माझ्याकडे सहावीची एक मुलगी होती. पहिले तीन आठवडे मी तिचा अपूर्णांकांचा गृहपाठ करून घेत होते. खरं सांगायचं तर मीच करत होते आणि ती उतरवत होती. वहीत बरोबरच्या खुणा वाढल्या, घरचे खूश. मग एक दिवस सहज म्हटलं, एकशे पाच लिही. तिने लिहिलं १००५. पंचवीस म्हटलं तर ५२.

पंचवीसमध्ये आपण पाच आधी बोलतो, वीस नंतर. ती कानाने ऐकलं तसं लिहीत होती. म्हणजे स्थानिक किंमतच बसलेली नव्हती आणि मी तिला अपूर्णांकांची बेरीज शिकवत होते.

मी तिला म्हटलं, "आपण एक खेळ मागे जाऊन खेळू, मलाही तो आवडतो." काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले, रबर लावून. पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे. दहा सुट्या झाल्या की तिने स्वतः रबर लावायचं. ती रबर ताणून चट्कन सोडायची, त्या आवाजाची तिला गंमत वाटायची. दोन महिने आम्ही इयत्ता दुसरीत होतो. "तू दुसरीचं करतेस" असं तिला कुणी म्हणायचं नाही, एवढा एक नियम पाळला.

मग अपूर्णांक. तिच्या मते १/४ पेक्षा १/८ मोठा, कारण ८ मोठा. कागदाची एक पट्टी चार घड्यांची आणि एक आठ घड्यांची केली आणि तिच्याच हातात दिली. ती बराच वेळ दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "जास्त जणांत वाटलं की कमी येतं." मी वहीत काहीच लिहिलं नाही त्या दिवशी.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची आई

माझा मुलगा तिसरीपर्यंत "आळशी" होता. शेरा प्रगतिपुस्तकावर लेखी होता. तोंडी काहीही विचारा, धडाधडा सांगायचा. वाचायला उभं केलं की पोटात दुखायचं, आणि ते दुखणं खरं असायचं. मी त्याला मारलंही आहे. हे लिहिताना हात थरथरतोय.

संस्थेतल्या शिकवणीच्या ताईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की तपासणी करून घ्या. डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अक्षमता. हा शब्द १८८७ साली रुडोल्फ बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरात आणला. इतकी जुनी गोष्ट आणि माझ्या कानावर ती येईपर्यंत माझं मूल तीन वर्षं बोलणी खात होतं.

त्या ताईंनी तपासणी स्वतः केली नाही आणि निदानही सांगितलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. "हे आमचं काम नाही, तज्ज्ञांकडे जा, पण शिकवणी थांबवू नका," असं म्हणाल्या. त्यांनी ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं होतं. न्यूरॉलॉजिस्ट सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून ती आली. त्यात अक्षर डोळ्याने बघायचं, तोंडाने म्हणायचं, बोटाने गिरवायचं, सगळं एकदम. ताटलीत वाळू पसरून तो बोटाने "क" काढायचा आणि मोठ्याने "क्" म्हणायचा. वाचताना ओळ सुटू नये म्हणून पुठ्ठ्याला खाच पाडून दिली होती. त्या खाचेतून एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलेलं. तो पुठ्ठा अजून त्याच्या दप्तरात आहे, कडा मऊ पडल्यात.

आता आठवीत आहे. सावकाश वाचतो, आणि सावकाशच वाचेल. पोटात दुखत नाही.

संयोजक, १२ वर्षं

थोडी पडद्यामागची बाजू लिहितो. नवीन संस्था सुरू करणारे कुणी वाचत असतील तर उपयोग होईल.

वेळ शिकणाऱ्यांना विचारून ठरवा. आम्ही दुपारी वर्ग ठेवला आणि बायका आल्याच नाहीत. रात्री साडेआठला ठेवला, शेजारच्या खोलीत लहान मुलांसाठी एक जण बसवला, तेव्हा आल्या.

गैरहजर माणसाला दुसऱ्या दिवशी फोन. आठवड्याने केलेला फोन चौकशीसारखा वाटतो. वर ज्या ताईंनी वर्ग सोडला त्यांना एक फोन गेला असता तर कदाचित परत आल्या असत्या.

गट वयाने पाडू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं कोण कुठे अडतो ते पाच मिनिटांत कळतं, त्यावरून पाडा. फक्त ही चाचणी चारचौघांत घेऊ नका.

एकास एक शिकवणीचा गुण मोठा असतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं की अशी शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. पुढच्या अभ्यासांत एवढा प्रचंड फरक दिसलेला नाही, पण फरक दिसतो. माणसं अपुरी पडतात ही खरी अडचण. फिलिपिन्समध्ये लानाओ या भागात साक्षरतेचं काम करणारे अमेरिकी मिशनरी फ्रँक लॉबाक यांचे पैसे मंदीच्या काळात संपले, तेव्हा शिकलेल्यांनीच एकेकाला शिकवायला घेतलं. आम्हीही तेच करतो. गेल्या वर्षी शिकलेला माणूस या वर्षी सर्वांत चांगला शिकवतो, कारण नेमकं कुठे अडतं ते त्याला ताजं आठवत असतं. गोदामवाले दादा, तुम्ही शिकवायला बसा.

स्वयंसेवकांना एक विनंती. वर्षभर जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा, आम्ही वाचनालयाचं किंवा साहित्याचं काम देऊ. मूल एका ताईला सरावतं आणि ती न सांगता यायची बंद होते, तेव्हा ते मूल कारण स्वतःत शोधतं.

आणि एक जुनी सल. एका देणगीदाराला प्रौढ वर्गाचे फोटो हवे होते, पाटी हातात धरून. मी शिकणाऱ्यांना विचारलं, सगळ्यांनी मान खाली घातली. देणगी गेली. त्या वर्षी आम्ही वह्या उधारीवर आणल्या. आजही मी तेच करीन.

भाषा नवीन असलेली

मला माझ्या भाषेत लिहिता-वाचता येतं, पदवी आहे. लग्नानंतर इथली भाषा येत नव्हती. त्यामुळे लोक मला अडाणी समजून मोठ्याने बोलायचे. संस्थेच्या बोलीवर्गात एक आजी माझ्या जोडीला होत्या. त्या मला बोलायला शिकवायच्या, मी त्यांना अक्षरं. चुका दोघींच्या.

गोदामात काम करणारा, वय ४७

संयोजक साहेब, सरांशी बोललो. पुढच्या सोमवारपासून बसतोय. एकच माणूस देणार आहेत आधी.

धागाकर्ती

दादा, वाचून फार आनंद झाला. सोमवारी काय झालं ते लिहा.

काकूंचं पुढे काय झालं हे तिघांनी विचारलंय. पाच महिन्यांनी त्यांनी दोन्ही बाटल्यांवरची लेबलं माझ्यासमोर वाचली. "सकाळी" झटकन, "रात्री" वर जरा थांबून, बोट त्रच्या खाली ठेवून. चष्मा डोळ्यांवर होता. लाल दोरा मात्र तसाच होता. मी म्हटलं, काकू, आता सोडा की हा. त्या म्हणाल्या, "राहू दे गं. रात्री दिवे गेले तर बोटांना कळायला नको?"